सावकाश या

सकाळी सव्वाआठला सासूबाई सतराव्या मजल्यावरच्या, दोन रात्रींसाठी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमधून एकट्या बाहेर पडल्या. अंगावर निळी शाल होती, पायांत घरात घालायच्या रबरी चपला. फोन उशाशी चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. निघण्याच्या थोडंच आधी सुनेने त्यांना इन्सुलिनची सुई टोचली होती, आणि त्यावर पोटात चहाचा घोटही गेलेला नव्हता.

सून तेव्हा बाथरूममध्ये होती. तिथला फवारा थेट छतातून पडायचा, आणि पाणी गरम हवं की गार, हे भिंतीवरच्या एका चकचकीत गोळ्याला विचारावं लागायचं. काल आल्या आल्या त्या गोळ्याने नवऱ्याला असा काही चटका दिला की तो टॉवेल गुंडाळून ओरडतच बाहेर आला, आणि सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सुनेला आज गोळा वश झाला होता. केसांवर पाणी घेता घेता तिने आवाज दिला, "आई, आवरलं का? खाली नाश्त्याला जायचंय!"

"येते गं!" दाराबाहेरून उत्तर आलं.

"या, या. सावकाश या," ती म्हणाली.

घरी असती तर दाराच्या कडीने चुगली केली असती. त्यांच्या घराचं दार उघडताना कुरकुरायचं आणि लागताना आपटायचं. कोण आलं, कोण गेलं, हे शेजाऱ्यांनाही कळायचं. इथल्या दाराला म्हणे रबर लावलेलं होतं. पैसेवाल्यांची दारं वाजत नाहीत.

ती बाहेर आली, केस पुसले, आरशासमोर उभी राहून वेणी घातली. सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कपडे बदलत असतील, म्हणून ती थांबली. मग हाक मारली. मग दार ढकललं.

पलंगावरची चादर ताणून बसवलेली, पांघरुणाची घडी पायथ्याशी. दुसऱ्याच्या घरी झोपलं की सकाळी आपली खूण राहता कामा नये, हा सासूबाईंचा नियम. खोली रिकामी होती. तिने स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, काही कारण नसताना कपाटही उघडून पाहिलं. आणि मग तिला हायसं वाटलं. सासूबाई पुढे गेल्या असतील. तिचा नवरा मघाशीच टेबल धरायला तळमजल्यावरच्या नाश्त्याच्या दालनात उतरला होता. लेकाकडे गेल्या असतील.

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. "अगं, कुठे आहात तुम्ही? इथला वेटर तिसऱ्यांदा विचारून गेला. मला लाज वाटायला लागली."

"आई पोचल्या ना?"

"कुठे?"

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे कशाला? तुझ्याबरोबर येणार होती ना ती?"

"अहो, त्या येते म्हणाल्या..."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिथेच तिच्या लक्षात आलं. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला सासूबाईंनीच शिकवलं होतं. ती कामावर निघाली होती आणि उंबऱ्यात 'जाते' म्हणाली होती. "जाते म्हणायला काय कायमची निघालीस?" म्हणून त्यांनी तिला परत आत बोलावून, पुन्हा निघायला लावलं होतं. तेव्हापासून तिने उंबऱ्यात कधी 'जाते' म्हटलं नव्हतं. आणि आज सासूबाईंनी निरोप घेतला, तो तिला कळला नाही. नुसता कळला नाही एवढंच नव्हे, तिने निरोप दिलाही. या. सावकाश या.

आता त्या सावकाशच येणार. सुनेची परवानगी होती.

ती तालुक्याच्या गावात एका लॅबमध्ये रक्त काढायची. अर्ध्या गावाच्या शिरा तिला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. लोक तिला सुईताईच म्हणत. साखर वाढली तर माणूस वर्षानुवर्षं काढतो, पण उतरली तर तासाचाही अवधी देत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी सुई टोचली की पाठोपाठ ताट पुढे यायचं. सासूबाईंनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही, कारण ताट हेच त्यांचं घड्याळ. इथे ताट सतरा मजले खाली होतं. आधी खाली नेऊन बसवायचं आणि मग सुई द्यायची, एवढं साधं तिला सुचायला हवं होतं. पण नाश्त्याच्या दालनात, त्या पांढऱ्या टेबलांमध्ये सुई काढू नकोस, बरं दिसत नाही, असं नवरा म्हणाला होता. आणि तिने ऐकलं.

चहाच्या ट्रेमध्ये साखरेच्या पुड्या होत्या, लांबट, पेन्सिलीसारख्या, वर इमारतीचं सोनेरी चिन्ह. तिने त्या मुठीत घेतल्या आणि थबकली. काल संध्याकाळी याच ट्रेवरून रामायण झालं होतं. सासूबाई पुड्या उचलून शालीच्या टोकात बांधत होत्या आणि लेकाने पकडलं होतं.

"आई, ठेव परत. काय हे भिकाऱ्यासारखं!"

"अरे, फुकट ठेवल्यात त्या वापरायलाच ना? पोरांना न्यायला होतील. दिसायला किती छान आहेत."

"वापरायला ठेवल्यात, गावाला न्यायला नाही."

"आणि आई, तुम्हाला साखर बघायलासुद्धा बंदी आहे," सुनेने वर पुस्ती जोडली होती.

"ठेवते बाई, ठेवते. तुमच्या अब्रूला मुंग्या नकोत लागायला." त्यांनी गाठ सोडली होती आणि पुड्या ट्रेमध्ये टाकल्या होत्या. सगळ्या टाकल्या का, ते कुणी पाहिलं नव्हतं. सून आता ट्रेकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आपली सासू चोर निघावी, असं तिला मनापासून वाटलं.

*

लिफ्टला आत बटणंच नव्हती. मजला बाहेरच्या पडद्यावर सांगायचा आणि मग पडदा सांगेल त्या दारापाशी जाऊन उभं राहायचं. शिवाय कार्ड लागायचं. कार्डं दोन होती. एक नवऱ्याकडे, एक तिच्या हातात. म्हणजे सासूबाई लिफ्टने गेलेल्या असूच शकत नाहीत, असं तिने खाली येईपर्यंत स्वतःला बजावलं. जिन्यात असतील, कुठल्या तरी मजल्यावर बसून दम खात असतील.

नवरा रिसेप्शनपासून चार हात लांब उभा होता. हातात अजून नाश्त्याचा रुमाल.

"विचारलंत?"

"विचारतो गं. जरा थांब. एकदम आरडाओरडा नको. आधीच कालपासून आपल्याकडे कसे बघतायत ते..."

तिने त्याच्या हातातला रुमाल काढून घेतला, काउंटरवर ठेवला आणि रिसेप्शनवालीला म्हणाली, "माझ्या सासूबाई हरवल्यात. निळी शाल. साखरेच्या पेशंट आहेत, इन्सुलिन घेतलंय आणि उपाशी आहेत. तुमच्या कॅमेऱ्यात बघून सांगा, कुठे गेल्या."

रिसेप्शनवालीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर राखाडी सुटात आला आणि इतक्या हळू बोलला की आजारी माणसाशी बोलतोय असं वाटावं. "मॅडम, अजिबात काळजी करू नका. हा सगळा परिसर अतिशय सुरक्षित आहे."

"परिसर सुरक्षित आहे हो. माझी सासू आहे का, ते बघायचंय."

"नक्कीच. फक्त काय आहे, तुम्ही पाहुणे. रेकॉर्डिंग दाखवायला फ्लॅटमालकांची लेखी परवानगी लागते. मालक परदेशात असतात. मी मेल टाकतो. पण तिकडे आत्ता रात्र आहे."

"म्हणजे तुमचा मालक उठेपर्यंत आमच्या म्हातारीने पडून राहायचं?"

"हळू बोल," नवरा कुजबुजला. "लोक बघतायत."

"बघू देत! बघायलाच हवेत. कुणीतरी आईंना बघितलं असेल तर बोलेल तरी."

आणि खरोखरच एकजण बोलली. काचेचं दार पुसत असलेली सफाईवाली हातातलं फडकं पिळत जवळ आली. मॅनेजरकडे न बघता सुनेकडे बघून म्हणाली, "सतराव्या मजल्यावरच्या आजी का? मी नेलं त्यांना खाली. सामानाच्या लिफ्टमधून. लिफ्टपाशी उभ्या होत्या, म्हणाल्या, हिला हँडल कुठाय."

"एकट्यांना कशाला नेलंस गं?"

"मी विचारलं ना ताई, घरी सांगितलंय का म्हणून. तर म्हणाल्या, सुनेला सांगून निघालेय, सावकाश या म्हणालीये." तिने मान खाली घातली. "सून चांगली दिसते, म्हटलं मी."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. मग तो मागच्या बाजूला चालू लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

सामानाची लिफ्ट मागच्या बाजूला उघडत होती. कचऱ्याचे डबे, कपडे धुवायच्या गाठोड्यांच्या गाड्या, आणि त्यापलीकडे एक लहान लोखंडी फाटक. इथे ना संगमरवर होता, ना सोनेरी चिन्ह. फाटकाशी एक वयस्क पहारेकरी उभा होता, आणि त्याच्या शेजारी त्याची खुर्ची रिकामी, पुसून ठेवलेली.

"निळी शाल? हो, गेल्या की. मघाशीच. 'येते हं' म्हणाल्या. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतायत. म्हणून खुर्ची मोकळी केली, म्हटलं दमून येतील, टेकतील जरा. अजून नाही आल्या."

"कुठल्या बाजूला गेल्या?"

"चढाच्या. त्या बाजूला तर पायी कुणी जातही नाही."

*

बाहेर पडल्यावर नवरा एकदम ढिला पडला. आत लोकांच्या नजरांनी त्याला ताठ धरलं होतं; इथे बघायला कुणीच नव्हतं. तो फुटपाथच्या कडेला उभा राहून दोन्हीकडे बघत होता, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.

या भागाची हौस सगळ्यांत जास्त तिचीच. वर्षभर तिने फोनवर फोटो बघितले होते. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना कातरलेली झाडं, उंच काचेच्या इमारती, त्यांच्या अधेमधे जुने बंगले. दोन रात्री का होईना, आपणही तिथे राहून बघू, असं तिनेच काढलं होतं. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट बघा, आईंचं पथ्य सांभाळता येईल, हेही तिचंच. काल उघड्या बसमधून सगळा भाग फिरताना ती मनातल्या मनात खूश झाली होती, किती शांत आहे इथे.

आज तीच शांतता तिच्या अंगावर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं. मध्ये मध्ये फाटकं, सगळी बंद. दुकानं होती, पण ती घड्याळांची आणि अत्तरांची, आणि तीही अकराशिवाय उघडणार नव्हती. कुठे टपरी नाही, बाकडं नाही, पायरीवर बसलेलं माणूस नाही. गावात म्हातारी बाई रस्त्यात नुसती भिंतीला टेकली असती तरी चार घरांतून पाण्याचे तांबे आले असते, आणि पाचव्या घरातून सल्ला. इथे पडलं तर कुंपणाच्या सावलीत पडायचं, आणि माळी येईपर्यंत पडून राहायचं.

फोन वाजला. ताई. नणंद रोज नऊला आईला फोन करायची. आईने उचलला नाही की वहिनीला.

"उचलू नकोस," नवरा म्हणाला.

तिने उचलला.

"वहिनी, आईचा फोन का लागत नाही? बाथरूममध्ये आहे का?"

"ताई, आई बाहेर गेल्यात."

"कुणाबरोबर?"

सून चढाकडे बघत होती.

"कुणाबरोबर, वहिनी?"

"एकट्याच गेल्यात. आम्ही शोधतोय. सुई घेऊन गेल्यात ताई, काही न खाता."

पलीकडून आलं ते सगळं एकदम आलं. "मी सांगत होते! सांगत होते ना, म्हातारीला त्या बड्या लोकांच्या वस्तीत नेऊन काय दाखवायचंय? पण नाही. तुम्हाला फोटो काढायचे होते. एक माणूस सांभाळता येत नाही, आणि गावभर सुया टोचत फिरता!"

"हो ताई."

"हो काय हो?"

"तुम्ही म्हणाल ते सगळं खरं. नंतर बोला, मी ऐकून घेईन. आत्ता एवढंच सांगा, काल रात्री आई तुमच्याशी काय बोलल्या?"

ताई रडत होती, पण तिने आठवलं. "पाणी कसं छतातून पडतं ते सांगितलं. दादाला चटका बसला ते सांगितलं. आणि... थांब. जिना. बाबांचा जिना. म्हणाली, बसमधून बंगला दिसला, आता आलेच आहे तर सकाळी जिना बघून येते. मी म्हटलं, एकटी जाऊ नकोस. तर म्हणाली, सुनेला विचारल्याशिवाय मी कुठे जाते?"

सुनेने फोन कानापासून दूर केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं.

सासरे दगडाला पॉलिश करायचे. मुलगा लहान असताना एक अख्खं वर्ष ते याच भागात एका पांढऱ्या बंगल्याच्या कामावर होते. पुढे सगळा जन्म त्यांनी तो जिना सांगितला. काळा दगड, हाताने घासून घासून असा केला की पायरीवर वाकलं तर आपलं तोंड दिसायचं. "बंगल्याच्या मालकिणीआधी त्या जिन्यात मी माझं तोंड बघितलं," असं ते म्हणायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "म्हणूनच तो काळा पडला असेल." ते गेल्यावर मात्र ही थट्टा त्यांनी बंद केली होती.

काल बस त्या बंगल्यावरून गेली. आता ते अतिथिगृह झालं होतं, बड्या पाहुण्यांचं. सासूबाई सीटवरून अर्ध्या उठल्या होत्या. "अरे, हाच ना? थांबव ना जरा."

"बस आहे आई, रिक्षा नाही. आणि आत फक्त तिथे उतरलेल्यांनाच सोडतात. कशाला दारातून परत फिरायचं? उद्या बघू."

नवरा आता बूट घातलेल्या पायांकडे बघत होता. "मी म्हटलं होतं, उद्या बघू."

"आज उद्याच आहे," ती म्हणाली. "तुम्ही पोलीस चौकीवर जा. काल बस सुटली तिथे आहे बघा कोपऱ्यावर. मी बंगल्यावर जाते."

तोंडून 'जाते' निघालं, आणि तिच्या अंगावर काटा आला. पण परत फिरून पुन्हा निघायला वेळ नव्हता.

*

चढ संपता संपता एक माणूस भेटला. त्याच्या हातात तीन कुत्र्यांचे पट्टे होते. कुत्री त्याची नव्हती, फिरवायचं काम त्याचं. तिन्ही कुत्र्यांच्या पायांत बूट होते. काल हेच बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, इथली कुत्रीसुद्धा अनवाणी फिरत नाहीत, नि तुझे बाबा इथे वर्षभर अनवाणी राबले.

"दादा, निळ्या शालीतल्या एक आजी..."

"भेटल्या ना!" तो हसला. "या तपकिरी कुत्र्यापुढे वाकून त्याला विचारत होत्या, चप्पल चावते का रे तुला? मी आठ वर्षं कुत्री फिरवतोय, असं कुणी विचारलं नव्हतं."

तिला हसू आलं. "नीट बोलत होत्या? जीभ जड नव्हती ना? घाम?"

"नाही हो, मजेत होत्या. पण त्याला बराच वेळ झाला. बंगल्याचा रस्ता विचारला, मी दाखवला. गोल बागेच्या मागे."

ती पळाली. वेणी सुटली, चपलेचा बंद तुटला, तशीच फरफटत पळाली. डोक्यात एकच हिशेब. चढ चढल्या म्हणजे साखर आणखी उतरली. गप्पा मारत होत्या म्हणजे तेव्हा ठीक होत्या. तेव्हा.

पांढऱ्या बंगल्याच्या दारात लांब कोट घातलेला दरबान होता. त्याने तिची तुटकी चप्पल पाहिली, सुटलेले केस पाहिले, आणि हात आडवा केला. "निवासी पाहुण्यांव्यतिरिक्त..."

"निळी शाल," ती धापा टाकत म्हणाली. "म्हातारी. जिना."

हात खाली आला. दरबानाने आधी मागे वळून आत कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. "तुमच्या कोण?"

"सासू."

"सुईताई तुम्हीच का? मी नाव विचारलं तर म्हणाल्या, सुईताईची सासू." तो आवाज खाली आणून बोलू लागला. "आम्हाला परवानगी नाही हो. मी नाहीच म्हटलं आधी. तर म्हणाल्या, मला राहायचं नाही रे बाबा, बघायचंय. माझ्या माणसाने घासलाय. आता काय बोलणार? पाहुणे नऊनंतर खाली उतरतात. म्हटलं, पटकन बघून घ्या."

"मग?"

"जिन्यापाशी गेल्या. शालीच्या टोकाने पायरी पुसली आणि वाकून बघत राहिल्या. मग तिथेच बसल्या, खालच्या पायरीवर. मी म्हटलं, आजी, बसू नका, माझी नोकरी जाईल. म्हणाल्या, बसते रे जरा, पाय लटपटतायत."

"घाम आला होता का?"

"कपाळावर होता. मी म्हटलं चढून आल्या असतील. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. उठताना माझा हात धरला. हात गार होता. थंडगार."

"काही खाल्लं त्यांनी? शालीच्या गाठीतून काही काढलं? नीट आठवा."

"गाठ सोडत होत्या खऱ्या. तेवढ्यात वरून एक पाहुणे उतरायला लागले, मी तिकडे गेलो. परत बघतो तर उठायला टेकलेल्या."

तिने त्याला बाजूला सारलं आणि आत गेली. तो नाही म्हणाला नाही. जिना तसाच होता, सासऱ्यांनी सांगितला होता तसा. काळा, खोल, पाण्यासारखा. पहिल्या पायरीशी ती गुडघ्यावर बसली तर खालून तिचंच तोंड तिच्याकडे बघू लागलं, पिंजारलेलं, घाबरलेलं. पायरी कोरडी, स्वच्छ होती.

"नुकतीच पुसून घेतली," दरबान मागून म्हणाला. "नऊला पुसतात रोज."

तिने बोट पायरीवर फिरवलं आणि जिभेला लावलं. गोड लागलं नाही. साबण लागला. दुसऱ्यांदा लावलं, भिंतीच्या कोपऱ्यापाशी. साबणच. मग तिची नजर पायऱ्यांच्या मधोमध अंथरलेला अरुंद गालिचा दाबून धरणाऱ्या पितळी सळईकडे गेली. सळईच्या टोकाशी कागदाचा एक कपटा अडकला होता. तिने नखाने तो ओढून काढला. लांबट पुडीचा फाडलेला कोपरा. त्यावर सोनेरी चिन्हाचं अर्धं शेपूट.

"पुडी कुठाय?" तिने विचारलं. "बाकीची पुडी?"

दरबानाने सफाईवाल्याची सुपडी तपासली, डबा तपासला. पुडी नव्हती. म्हणजे पुडी सासूबाईंबरोबर गेली होती. रिकामी की भरलेली, ते कोपरा सांगत नव्हता. फाडली आणि तोंडात टाकली, की फाडली आणि तेवढ्यात कुणी उतरलं म्हणून लाजून शालीत लपवली? लेकाची अब्रू, वर सुनेची साखर बघायलाही बंदी. सासूबाई दोन्हींना मान देणाऱ्या होत्या.

फोन वाजला. नवरा चौकीवरून बोलत होता, मागे वायरलेसची खरखर. "दोन गाड्या सोडल्यात म्हणे. हे साहेब विचारतायत, शेवटचं कुणाशी बोलली आणि काय म्हणाली. मी काय सांगू?"

तिने दरबानाकडे पाहिलं. "जाताना काय म्हणाल्या?"

"येते म्हणाल्या."

"आणि तुम्ही?"

दरबान गोंधळला. "मी काय म्हणणार? बाहेरच्या पायऱ्या ओल्या होत्या. म्हटलं, या आजी, सावकाश या."

सुनेने फोन तसाच कानाशी धरला. नवरा हॅलो हॅलो करत होता.

"कुठल्या बाजूला वळल्या?" तिने विचारलं.

दरबान फाटकापर्यंत तिच्याबरोबर आला आणि हात करून दाखवला. साडेनऊ वाजून गेले होते. काचेची इमारत, पहारेकऱ्याची पुसून ठेवलेली खुर्ची आणि नाश्त्याचं टेबल फाटकातून उजवीकडे होतं. सासूबाई डावीकडे वळल्या होत्या.